घरटी एक माणूस

ज्या माणसाचे उपकार माझ्यावर सगळ्यांत जास्त आहेत, तिचं नाव अनसूया. गावात सगळे अन्सामाय म्हणतात. ती माझ्या नात्यातली नाही, शेजारची नाही. तिनं मला शिकवलेलं नाही, तिला अक्षर येत नाही. टोपलीत भाजी घेऊन ती आमच्या गावाहून पूर्णेला जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामी टोपली घेऊन परत यायची. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणी बी.ए. झालं, ते तिच्या एका पायामुळं.

म्हणजे खरोखरच एका पायामुळं. बारावीचा पहिला पेपर होता आणि केंद्र पूर्णेला. आईनं आदल्या दिवशी हॉलतिकीट देवापुढं ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि मी ते तिथंच विसरलो. स्टेशन दिसायला लागल्यावर आठवलं. उलटा पळालो. परत बांधाबांधानं धावत आलो तेव्हा गाडी फलाटाला लागून निघायच्या बेतात होती. अन्सामायनं मला लांबून पाहिलं. तिनं टोपली डब्याच्या दारात मधोमध ठेवली, एक पाय पायरीवर दिला आणि दुसरा फलाटावरून उचललाच नाही.

गार्ड निशाण हातात घेऊन ओरडला, "ओ मावशी, चढा नाहीतर उतरा!"

"चढायलेच की सायेब. गुडघा उचलंना गेलाय."

मी डब्यात येऊन पडलो आणि तिचा गुडघा एकदम बरा झाला. टोपली आत ओढून घेत ती म्हणाली, "घाम पूस आधी. पेपर भिजल तुझा."

तो पेपर चुकला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर बाबांनी माझ्या हातात विळा दिला असता. त्यांचंही चुकलं नसतं. एक बाई गाडी थांबवू शकते हे मी त्या दिवशी पाहिलं. पुढं तिनं दुसऱ्यांदा गाडी थांबवली तेव्हा सगळं गाव तिच्यासोबत होतं, आणि तेच तिला महागात पडलं.

आता मी सेलूला एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. माघ संपत आला की इथल्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेले पुंजके काट्यांना अडकतात आणि शिमग्यापर्यंत तिथंच धूळ खात राहतात. बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असते. मुलांना उत्तरं हवी असतात, तीही मुद्देसूद. परवा ‘समूहवर्तन’ हा धडा उजळणीला घेतला. लोक आंदोलनात सहभागी का होतात, कारणे लिहा. हमखास येणारा प्रश्न. मी फळ्यावर मुद्दे लिहिले. अन्यायाची जाणीव. आपण एका समूहाचे आहोत ही भावना. आपल्या कृतीनं फरक पडेल हा विश्वास. राग. भोवतालच्या माणसांचा प्रभाव.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, अन् लोक मधूनच उठून का जातेत, ते परीक्षेला हाय का?"

"नाही."

"मग सोडून देऊ का?"

"सोडून दे," मी म्हणालो.

खडू खाली ठेवला तेव्हा बोटं पांढरी झाली होती, आणि मला हरभऱ्याची आठवण झाली. हरभरा काढताना बोटं अशीच होतात, फक्त ती चरचरतातही. पिकावर आंब असते, पानांतून सुटणारा आंबट खार. दवानं ती ओली होते, हाताला लागते, नखांच्या कडेनं आत शिरते. तरी हरभरा सकाळीच काढावा लागतो, कारण ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणे मातीत जातात. त्या दिवसांत गावात कुणाला बोलायला वेळ नसतो. ओढ्याच्या काठाला पळस फुललेला असतो, पण तो पाहायचा तर गावाबाहेरून आलेलं माणूस लागतं.

आमचं गाव कोणतं ते लिहीत नाही, प्रकरण अजून कोर्टात आहे. पूर्णेच्या पुढं, चुडाव्याच्या बाजूचं एक लहान स्टेशन, इतकं पुरे. साथीच्या काळात गाड्या बंद झाल्या. पुढं त्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या स्टेशनावरचा सकाळ-संध्याकाळचा थांबा गेलेला होता. गाडी वळणावर शिट्टी द्यायची आणि निघून जायची. फलाटावरच्या लिंबाचा पाला तिच्यामागं थोडा वेळ धावायचा आणि रुळात पडायचा.

पुस्तकात लिहिलंय की अन्याय झाला की माणसं उठतात. आमच्या गावात कुणी उठलं नाही. काही पोरींचं कॉलेज सुटलं. त्यांच्या आयांनी म्हटलं, जाऊ दे, लग्नाचं बघू. दूध नेणारे मोटारसायकलवर नेऊ लागले. अन्सामाय टोपली डोक्यावर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायची आणि तिथं मिळेल त्या टमटमला हात करायची. दुपारी पूर्णेत पोचेपर्यंत तिचा घोळाणा, म्हणजे हरभऱ्याचा कोवळा पाला, माना टाकायचा. असा सगळा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि लोकांना सवय झाली. दुःख रोजचं झालं की ते पांघरुणासारखं अंगावर घेता येतं, त्यातही झोप लागते.

मग लोक उठले कशानं? एका लग्नातल्या जेवणावरून. आमच्या गावची पोरगी पलीकडच्या गावात दिली होती. त्या गावाला त्याच महिन्यात थांबा परत मिळाला होता. पंगतीत भात वाढता वाढता तिकडचा एक व्याही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "जरा लवकर आटपा पाव्हणं. आमच्याकडं गाडी थांबती. तुमच्याकडं नुसती शिट्टी वाजवती."

पंगत हसली. आमच्या गावचे लोक पानावरून उठले नाहीत, पण त्यांच्या घशाखाली बुंदीही गेली नाही. पोरींचं कॉलेज सुटलं तेव्हा जी आग लागायला हवी होती, ती त्या एका वाक्यानं लागली. परतीच्या टेम्पोतच ठरलं, रेल रोको.

पुढाऱ्याचं काम बापूरावांकडं आलं. ते पूर्वी सरपंच होते, आणि बोलताना अजूनही खुर्चीत बसल्यासारखेच बोलतात. त्यांनी मारुतीच्या देवळातल्या स्पीकरवरून सांगितलं, "उद्या सकाळी घरटी एक माणूस. ज्या घरातून माणूस येणार न्हाई, त्या घराचं नाव ह्याच स्पीकरवर घेतल्या जाईल."

घरटी एक माणूस हा आमच्याकडचा जुना कायदा. देवळाचा स्लॅब टाकायचा, सप्त्याचा स्वयंपाक करायचा, चारीतला गाळ काढायचा, कशालाही हाच हिशेब. बाहेरच्याला वाटतं, काय ही एकी! पण प्रत्येक घरात काय बोलणं होतं ते आम्हाला माहीत आहे. आमच्या घरात असं झालं.

आई म्हणाली, "मी जाऊ का?"

"अन् हरभरा कोन काढील?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, परीक्षेसाठी घरी वाचत बसलो होतो. "हे जाईल. ह्याचा हितं काय उपेग? इळा धरला तर सोताचंच बोट कापतंय."

असा मी आंदोलनात गेलो. अन्यायाची जाणीव, समूहाची भावना, यातलं काही नव्हतं. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं तो मी होतो. सकाळी रुळावर पाहिलं तर सगळ्या घरांनी तसंच केलेलं. म्हातारे, कॉलेजची पोरं, माहेरी आलेल्या लेकी, हात मोडून गळ्यात बांधलेला एक जण. धडधाकट माणसं शेतात होती. गावानं आपली लढाई आपल्या शिल्लक माणसांवर सोपवली होती.

अन्सामाय मात्र अशी आली नव्हती. तिच्या घरात ती आणि तिची नात रुपाली, दोघीच. तिला कुणी पाठवलं नव्हतं. टोपली घेऊनच ती आली होती, कारण गाडी थांबली की त्याच गाडीनं पूर्णेला जायचं असा तिचा सरळ विचार होता.

आमच्याकडं कोणतंही काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही. विहिरीला फोडतात, बोअरला फोडतात, मळणीयंत्राच्या चाकाला फोडतात. बापूरावांनी रेल रोकोसाठीही नारळ आणला होता. फोडायचा कुणी यावरून थोडी ओढाताण झाली. दोघांतिघांना तो मान हवा होता. तेव्हा बापूराव म्हणाले, "ह्या गाडीचं सगळ्यात जुनं शीट कोनतं? अन्सामाय. मान तिचा." सगळ्यांना पटलं. किराणा दुकानदार नागनाथअप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून नमस्कार केला, उदबत्ती पेटवून खडीत खोचली. अन्सामायनं पदर डोक्यावर घेतला, रुळाला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ रुळावरच फोडला. एका घावात फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्या लोकांच्या हातात मोबाइल होते.

गुन्ह्याची सुरुवात नारळ फोडून करू नये, एवढी अक्कल त्या दिवशी कुणालाच नव्हती. कारण आपण गुन्हा करतोय असं कुणाच्या मनातही नव्हतं.

मला त्या सकाळबद्दल कडूच लिहायचं आहे, पण एक खरं आहे ते लिहिलं पाहिजे. मला फार बरं वाटलं. रूळ थंड होता, त्याची थंडी पाठीत चढत होती, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांच्या अंगाची ऊब होती. बांधावरून ज्यांचं बोलणं बंद होतं त्या दोघांनी एकाच डबीतला चुना घेतला. नागनाथअप्पांनी शेंगदाण्याचं पोतंच सोडलं. कुणी खोबरं वाटत होतं. एक जण म्हणाला, "आता थांबा भेटला न्हाई तरी चालतंय गड्या, दिवस लय चांगला गेला." सगळे हसले. पुढं पदवी मिळाली, पेढे वाटले, तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. माणसं आंदोलनात का जातात याचं हे एक कारण मी फळ्यावर कधी लिहिलेलं नाही. एकटं असण्याचा कंटाळा. एका सकाळपुरतं का होईना, आपलं वजन दुसऱ्यांनी वाटून घ्यावं अशी भूक.

काठीला लाल पातळ बांधून दोघं पुढं उभे होते. गाडी लांबच हळू झाली आणि हिसके देत थांबली. इंजिनाएवढं मोठं काही आपल्यापुढं थांबलेलं पाहिलं की छाती आपोआप फुगते. एका डब्याच्या दारातून एक प्रवासी ओरडला, "मरायचंय का तुम्हाला?"

अन्सामाय बसल्या जागेवरून म्हणाली, "मरायचं न्हाई बाबा, चढायचंय."

काय हशा झाला! तो प्रवासीही हसला. ते वाक्य आणि त्याआधीचा नारळ असा व्हिडिओ दुपारपर्यंत आख्ख्या तालुक्यात फिरला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा तिच्यातून फक्त तिघे उतरले. त्यांनी काठी उगारली नाही, शिवी दिली नाही. एकानं मोबाइल काढला आणि एका टोकापासून सावकाश चित्रण सुरू केलं. तेवढ्यानं काम झालं. मी ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. मोबाइल जसजसा सरकत गेला तसतसे त्याच्या पुढचे लोक उठत गेले. कुणाला लघवीला लागली, कुणाला म्हैस सुटल्याचं आठवलं. बापूराव "साहेबांशी बोलतो" म्हणून बाजूला झाले आणि बोलत बोलत साहेबांच्या बाजूलाच उभे राहिले. नागनाथअप्पांनी उरलेल्या शेंगदाण्याच्या पोत्याचं तोंड बांधलं.

त्या दिवशी मला जे कळलं ते पुस्तकात अजून सापडलेलं नाही. जो आला नाही तो दिसेल, म्हणून गाव आलं होतं. जो आला तो दिसेल, म्हणून गाव निघून गेलं. येण्याला आणि जाण्याला एकच भीती होती, तिनं फक्त तोंड फिरवलं.

अन्सामायनं मोबाइल आमच्याकडं येताना पाहिला. तिनं टोपली माझ्या मांडीवर ठेवली. "दत्ता, ही घरी नेऊन रुपालीपशी दे. भाजी सुकून चाललीय."

"माय, मी बसतो."

"बसून काय करतू? परीक्षा हाय तुझी. ऊठ म्हनलं ना!" पुढच्या शब्दाला तिनं मला चापट मारली असती, म्हणून मी उठलो. टोपली खांद्यावर घेऊन रुळाच्या खाली उतरलो आणि मागं पाहिलं. तिच्या आजूबाजूची जागा मोकळी झाली होती. शेवटी ती आणि हात मोडलेला तो माणूस एवढेच बसलेले होते. तोही नंतर उठला. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही, आणि तिनंही कुणाला का उठता म्हणून विचारलं नाही.

काही महिन्यांनी थांबा मिळाला. पहिली गाडी थांबली त्या दिवशी बापूरावांनी इंजिनाला हार घातला. स्टेशनाबाहेर मोठा फलक लागला, ‘ऐतिहासिक लढ्याचं यश’. त्यावर इतके चेहरे होते की अक्षरांना जागा उरली नव्हती. अन्सामायचा चेहरा त्यात नव्हता. तिचा चेहरा फक्त व्हिडिओत होता. नारळ फोडून जमावाला चिथावणी देणारी, जमावाची प्रमुख म्हणून गुन्ह्यात तिचं नाव पहिलं आलं. ‘व इतर’ म्हणून बाकीचे. त्या ‘इतर’मध्ये आमचं सगळं गाव मावलं आणि निवांत झोपी गेलं.

बापूरावांनी मुद्दाम तिला पुढं केलं असं म्हणता आलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. पण तसं नव्हतं. त्यांनी खरोखरच मान दिला होता. मानाचं पुढं असं काही होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. फक्त तसं झाल्यावर तो मान वाटून घ्यायला कुणी आलं नाही. रेल रोकोच्या त्याच आठवड्यात जामिनासाठी सातबारा लागला होता. आमच्या गावात सातबारे काय कमी आहेत? नांगरट झाल्यावर काळी जमीन क्षितिजापर्यंत दिसते. पण प्रत्येकाचा उतारा त्या आठवड्यात सापडेनासा झाला. शेवटी तिचा भाचा दुसऱ्या तालुक्यातून आला आणि जामीन राहिला.

तेव्हापासून तारखा सुरू आहेत. कोर्ट परभणीला. ती तिथं कोणत्या गाडीनं जाते? त्याच. मी एकदा गावाहून सेलूला निघालो होतो तेव्हा तिची तारीख होती. डबा आमच्या गावच्या माणसांनी भरलेला. दुधाच्या किटल्या, कॉलेजच्या पोरी, बाजाराच्या पिशव्या. अन्सामाय खिडकीशी, मांडीवर भाकरीचं गाठोडं. सगळे तिच्याशी गोड बोलत होते. "माय, गुडघा कसा हाय?" "माय, जागा हाय का, सरकू का?" कुठं चाललीस हे मात्र कुणी विचारलं नाही. परभणीला ती उतरली तेव्हा आख्खा डबा मोबाइलमध्ये पाहत होता. मी उतरलो. कोर्टाच्या फाटकापर्यंत तिच्यासोबत चालत गेलो. तिथं तिनं मला थांबवलं.

"हितून मागं जा. आत नाव इचारतेत."

"विचारू दे."

"तुझ्या नौकरीला पोलिसाचा कागद लागतोय म्हनला ना तू? जा. शिकलाय तर शिकल्यावानी वाग."

मला कायम व्हायचं असेल तर चारित्र्याचा दाखला लागतो, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं ते लक्षात ठेवलं होतं.

यंदा पुन्हा हरभरा निघायला लागला आणि तिची तारीख आली. या वेळची तारीख नेहमीसारखी नाही. वकिलांनी तिला सांगितलंय, कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा, कटकट मिटेल. नाही तर गावातल्या लोकांना आणा. त्यांनी सांगावं की सगळेच बसलो होतो, ही काही म्होरकी नव्हती. यातली अडचण वकिलांनी सांगितली नाही, पण गावातल्या प्रत्येकाला कळते. जो येऊन सांगेल तो आपल्या तोंडानं स्वतःला गुंतवेल.

मी गेल्या रविवारी तिच्याकडं गेलो होतो. ती अंगणात हरभऱ्याचे डहाळे निवडत बसली होती.

"काय ठरवलंस माय?"

"काय कबूल करू रे? एकलीनं गाडी धरली म्हनून सांगू? एकलीनं धरली असती तर कबूल केलं असतं. धरली बी होती एकदा." ती माझ्याकडं पाहून हसली. "ती केस केली असती तर एका शब्दात हो म्हनले असते. पर ही गाडी समद्या गावानं धरली. मग मी खोटं कशाला बोलू? त्या सायबापुढं गीतेवर हात ठिवून?"

तिनं निवडलेले डहाळे टोपलीत टाकले. मग म्हणाली, "तू घरटी फिर. कोन येतंय का इचार. गाव आलं तर मी ताठ उभी राहीन. न्हाई आलं तर मंग बघू, थकले बी हाय आता. काय असंल ते मला लिहून धाड. फोन नको. फोनवर मानूस गोड बोलतंय. लिहिलेलं असलं की रुपाली वाचती, मला समजतंय."

मी फिरलो. नागनाथअप्पांच्या दुकानात त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला. आता ते मला सर म्हणतात.

"सर, दुकान कोनाच्या भरोशावर सोडू?"

"त्या दिवशी सोडलं होतं की अप्पा."

"त्या दिवशी समदं गावच रुळावर होतं. गिऱ्हाईकच नव्हतं!" त्यांनी हे अगदी मनापासून सांगितलं. सगळे जात असतील तेव्हा जायला काहीच लागत नाही. एकट्यानं जायचं तर दुकान बंद करावं लागतं.

बापूराव ओट्यावर दात कोरत बसले होते. "अरे, मी तिला मान दिला. गावातल्या कोन्या बाईला एवढा मान भेटलाय?"

"मग तो थोडा वाटून घ्या ना काका."

त्यांचा चेहरा बदलला. मग ते एकदम मवाळ झाले. "कबूल कर म्हनावं तिला. दंड गाव भरील. वरगणी करू. घरटी."

पैसे घरटी मिळणार होते. माणूस नाही. पुढच्या सगळ्या घरांत मला हेच ऐकायला मिळालं, आणि सगळीकडं चहा मिळाला. कुणी अन्सामायबद्दल वाईट बोललं नाही. "लय चांगली बाई," असं सगळे म्हणाले, जणू ती वारली आहे.

शेवटचं घर आमचं. बाबा मळणीहून आले होते, भुवयांवर भुसा होता. मी विचारलं. त्यांनी आधी हातपाय धुतले.

"तिनं पोराचा पेपर वाचवला, मी इसरलेलो न्हाई," ते म्हणाले. "पर मी गेलो तर घराचं नाव केसला लागतंय. तू गेलास तर नौकरी जाती. एक लेकरू शिकलंय ह्या घरात. त्याच्यावर केस घेऊ का मी?"

ते वाईट माणूस नाहीत. गावात कुणीच वाईट नाही, हेच तर दुःख आहे. वाईट कोण ते सापडलं असतं तर राग ठेवायला जागा झाली असती.

सेलूला परत आलो. परीक्षेच्या आदल्या दिवसांतली ती ओळखीची शांतता मी राहतो त्या वसतिगृहावर पसरली होती. मुलं ओठ हलवत पाठ करत होती, राग, विश्वास, समूहाची भावना. मी खोलीत बसून अन्सामायला पत्र लिहिलं आणि सकाळी पेटीत टाकलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप अन्सामायला साष्टांग नमस्कार.

रुपाली, आजीला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

माय, तू सांगितल्याप्रमाणे मी घरोघर गेलो. एकही घर चुकवलं नाही. सगळ्यांनी चहा दिला, तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. कुणी येणार नाही. तू खरं लिही म्हणालीस, म्हणून सरळ लिहिलं.

दंड भरायला गाव तयार आहे. तू थकली असशील आणि तुला कबूल करायचं असेल तर कर. त्यात कमीपणा नाही. कोर्टाच्या पायऱ्या तुला चढवत नाहीत ते मी फाटकातून पाहिलं आहे. पण एकटीनं केलं असं म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे सांगायला तिथं एक जण असेल.

मी येऊ नये असं तू दोनदा सांगितलंस आणि दोन्ही वेळा मी ऐकलं. टोपली घेऊन घरी गेलो, फाटकातून मागं फिरलो. या वेळी रागावलीस तरी ऐकणार नाही. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. तू गाडी धरलीस म्हणून जे शिकायला मिळालं, त्याच्या आडोशाला मी लपून राहिलो तर ते शिकणं कशाला म्हणायचं? बाबांना मी सांगितलेलं नाही. रुपाली, तूही सांगू नकोस.

आदल्या संध्याकाळी मी गावात येतो. सकाळी स्टेशनावर तुझं गाठोडं मी घेईन. डब्यात गावातली माणसं असतील. त्यांना बोलू नकोस, त्यांना बाजाराला जायचं असतं. परभणीला आपण दोघं उतरू.

त्या दिवशी स्पीकरवर सांगितलं होतं, घरटी एक माणूस. आमच्या घरातून मी गेलो होतो. या वेळीही आमच्या घरातून मीच.

तुझा,
दत्ता